ठिपकी आणि बेघर-गुणवंत शिष्यवृत्ती

एका जंगलात, मुलांनो, एक खाजगी विद्यापीठ होतं.

हसू नका. जंगलात कोल्हा बोलतो, उंदीर लग्नाला निघतो, हे तुम्हाला चालतं. मग विद्यापीठानंच तुमचं काय घोडं मारलंय?

त्याचं नाव होतं गरुडझेप विद्यापीठ. तिथं गरुड कुणी पाहिलेला नव्हता, पण झेप होती. ती फीमध्ये होती. एका जुन्या वडावर त्याचा पसारा होता. एकेका फांदीला विभाग म्हणत. पारंब्यांना वसतिगृह म्हणत आणि वटवाघळं तिथं उलटी लटकून अभ्यास करत. वर्गांवर पानांचं छप्पर होतं, तेही गळकं. बुंध्यातल्या ढोलीत मात्र गुळगुळीत संगमरवर घातला होता, कारण तिथं प्रवेश देत.

त्याच जंगलात एका बाभळीवर ठिपकी राहायची. ठिपकी कोकिळा होती.

कोकिळा म्हटल्याबरोबर तुम्ही ‘कुहू’ करणार, मला ठाऊक आहे. करू नका. गातो तो कोकीळ. काळाभोर असतो, पानाआड बसतो आणि सगळ्या गावाची वाहवा घेतो. कोकिळा तपकिरी असते, अंगावर पांढरे ठिपके असतात आणि तिला नुसतं किक्‌किक् करता येतं. कवींनी हे कधी तपासलं नाही. आपणही त्यांना आता त्रास देऊ नये.

ठिपकीला वाढवलं होतं सगुणाबाईनं. सगुणाबाई कावळीण. तोंडानं फटकळ, पण चोचीतला घास आधी पिलाच्या तोंडात घालणारी. ठिपकी पंखात जोर धरू लागली तेव्हा तिनं तिला समोर बसवलं.

“हे बघ, उद्या बाहेरून कुणी सांगण्यापेक्षा मीच सांगते,” ती म्हणाली. “मी दाणा टिपायला गेले होते. परत आले तर घरट्यात एक अंडं जास्त होतं. ते तू.”

“आणि मला घालणारी?”

“गेली. घाईत होती. मला बघून उडाली.”

ठिपकी खूप रडली. रडून झाल्यावर तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, “आई, मी माझं अंडं दुसऱ्याच्या घरात टाकून पळणार नाही. मी माझं घरटं बांधीन. त्यातच घालीन.”

“बांध की. तोंड धू आधी,” सगुणाबाई म्हणाली.

आता तुम्ही विचाराल, मग अडलं कुठं? काड्या जंगलात पडलेल्या होत्या आणि आई शिकवायला घरात होती. अडलं असं, की वनसभेनं बऱ्याच वर्षांपूर्वी ठराव केला होता. इथून पुढं घरटं बांधायचं तर घरटेशास्त्राची पदवी हवी. पदवी नसेल तर माकडं येऊन घरटं मोडतील. जुन्या घरट्यांना माफी होती, म्हणून सगुणाबाईचं वाचलं. पण तिच्या हाताखाली शिकलेल्याला परवाना कोण देणार? आणि पदवी देत होतं एकच विद्यापीठ. ठराव मांडणारे आणि विद्यापीठ चालवणारे एकाच फांदीवर बसत, हा केवळ योगायोग होता.

मायलेकी संगमरवरी ढोलीत गेल्या.

तिथं सरडेसाहेब बसले होते. प्रवेशाचे दिवस होते, म्हणून हिरवेगार दिसत होते.

“या, या! घरटेशास्त्र ना? फार छान निवड!” ते मान हलवत म्हणाले. “फी फक्त हजार जांभळं.”

सगुणाबाईची चोच उघडी राहिली. “हजार? अहो, माझ्या लहानपणी शंभर होती.”

“होती ना. पण मग आम्ही गरिबांसाठी नऊशे जांभळांची शिष्यवृत्ती काढली. ती परवडावी म्हणून फी हजार केली. गरिबाला अजूनही शंभरच पडतात. आहे की नाही माणुसकी?”

मुलांनो, हे गणित दोनदा करून बघू नका. एकदाच करा आणि पुढं चला.

“मग ती शिष्यवृत्ती द्या हिला,” सगुणाबाई म्हणाली.

“एक काय, हव्या तेवढ्या आहेत! उडणाऱ्या कासवांसाठी आहे. शाकाहारी बिबट्यांच्या कन्यांसाठी आहे. ज्यांनी मागच्या जन्मी आमच्याकडेच शिक्षण घेतलं, त्यांच्यासाठी तर पूर्ण फी माफ आहे. पण दरवर्षी एकही जण पुढं येत नाही. हल्लीच्या मुलांत जिद्दच नाही हो.”

“कावळ्यांसाठी काही?”

“आहे की. पण ही काळी नाही.”

“मग कोकिळांसाठी?”

“तीही आहे. हिच्या आईला घेऊन या.”

“मी ही काय उभी आहे.”

“तुम्ही कावळीण आहात.”

“ते मला माहीत आहे. आईच आहे मी हिची.”

“तुम्ही आई असाल, पण ती आई नव्हे,” सरडेसाहेब समजुतीनं म्हणाले. “अंडं घालणारी आणा.”

“ती अंडं घालून गेली ती गेली. तिला कुठं शोधू?”

हे ऐकल्यावर सरडेसाहेब आणखीच हिरवे झाले. त्यांनी ठिपकीला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“म्हणजे ही परक्याच्या घरात राहते! स्वतःचं घर नाही! अहो, मग आधी का नाही सांगितलंत? हिच्यासाठी नदीतल्या मगरीची, आपल्या नक्रशेठची, बेघर-गुणवंत शिष्यवृत्ती आहे. आमची सर्वात मानाची.”

त्यांनी शेपटीनं भिंतीकडे दाखवलं. भिंतीवर पिसांची रांग लावली होती. दर मानकऱ्याचं एक पीस. सगळी पिसं तपकिरी होती आणि सगळ्यांवर पांढरे ठिपके होते.

“सगळ्या कोकिळाच?” ठिपकीनं विचारलं.

“बेघर म्हटलं की तुमच्यापैकीच कुणीतरी येते बुवा. का, ते आम्हाला अजून कळलेलं नाही. एका समितीचा अभ्यास चालू आहे.”

अटी दोनच होत्या. मुलगी अभ्यासात पहिली यायला हवी. आणि शिक्षण संपेपर्यंत ती बेघर राहायला हवी.

“त्यात काय, राहीन,” ठिपकी म्हणाली. बिचारी विचार न करता बोलली. शिष्यवृत्ती मिळताना सगळेच तसं बोलतात.

“आणि एक छोटीशी रीत आहे. दरवर्षी नदीकाठी दात्याचा सत्कार, म्हणजे दातादर्शन असतं. त्यात ज्यांच्या घरी मुलगी राहते त्यांनी चारचौघांत एक वाक्य म्हणायचं. ‘ही माझी कुणी नाही.’ एवढंच.”

ठिपकीनं आईकडे पाहिलं. सगुणाबाईनं मान झटकली.

“म्हणते की. बोलायला काय जातं? जीभ काय झिजणार आहे?”

तर अशी ठिपकी विद्यापीठात दाखल झाली. तिचा प्रवेश पक्का झाला त्याच क्षणी सरडेसाहेब करडे पडले. ठिपकी त्यांना दुसऱ्या दिवशी भेटायला गेली तर ते तिला सापडेचनात. संगमरवराच्या रंगाचे झाले होते.

घरटेशास्त्र शिकवायला कबुतर सर होते. कबुतराचं घरटं तुम्ही पाहिलंय ना? दोन काड्या आडव्या, एक तिरकी, आणि अंडं देवाच्या भरवशावर. पण सर बोलायला फार छान होते. पहिलं वर्षभर त्यांनी ‘घरट्याची संकल्पना’ शिकवली. त्या वर्षी काडीला चोच लावायला मनाई होती. त्यानं विचार कोता होतो म्हणे.

दर शनिवारी सेवातास असे. नक्रशेठ नदीकाठी उन्हात तोंड उघडून पडत आणि मानकरी मुलीनं आत जाऊन त्यांचे दात साफ करायचे. दात्याविषयी कृतज्ञता अंगी बाणावी, हा हेतू. आधीची एक मानकरी सेवातासाला गेली ती पुढच्या तासाला आलीच नाही. विद्यापीठानं तिची गैरहजेरी लावली आणि विषय मिटवला. ठिपकी मात्र चपळ होती. ती एक डोळा दातावर आणि एक डोळा जबड्यावर ठेवून काम करायची.

मग पहिलं दातादर्शन आलं.

सगळं जंगल नदीकाठी जमलं. नक्रशेठ गळ्यात कमळांचा हार घालून आडवे पसरले होते. शाल आणि श्रीफळ ठेवलं होतं. ते ठिपकीला नव्हे, नक्रशेठना द्यायचं होतं.

“आता आमची गुणी विद्यार्थिनी स्वागतगीत म्हणेल!” सरडेसाहेबांनी जाहीर केलं. त्या दिवशी ते भगवे होते.

“सर, मला गाता येत नाही,” ठिपकी कुजबुजली.

“कोकिळा आहेस ना? मग येतं.”

ठिपकी पुढं झाली. तिनं चोच उघडली. तेवढ्यात मागच्या आंब्यातून असा सूर लागला, की माशांनीही पाण्याबाहेर माना काढल्या. तिथं पंचम नावाचा एक कोकीळ बसला होता. कार्यक्रमाचे लाडू खायला आला होता. गाणं त्याचं आणि चोच ठिपकीची, असं ते स्वागतगीत झालं. टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढं त्यांचं कसं जुळलं ते मी सांगत नाही, तुमचं वय नाही.

मग सगुणाबाईला पुढं बोलावलं. ती दोन उड्या मारत आली आणि पटकन म्हणाली, “ही माझी कुणी नाही. झालं? जाऊ का? भाकरी उघडी टाकून आलेय.”

लोक हसले. नक्रशेठच्या डोळ्यांतून मात्र घळाघळा पाणी वाहू लागलं. “किती हे दुःख! या जगात एका जीवाला कुणीच नाही!” ते हुंदका देऊन म्हणाले. त्यांच्याशेजारी बसलेली बदकं हळूच चार पावलं मागं सरकली.

घरी येताना मायलेकी पोट धरून हसल्या.

दुसऱ्या वर्षी काड्यांना हात लावायला परवानगी मिळाली. ठिपकीनं परीक्षेत असं घरटं विणलं, की कबुतर सर बराच वेळ त्याभोवती फिरत राहिले.

“दोन काड्यांवर भागतं खरं तर,” ते म्हणाले, “पण असो. पहिला क्रमांक.”

ठिपकीला वाटलं, आज आईला आणून दाखवावं. पण ती वळते तोच माकडं हजर.

“मोडणी,” माकडांचा मुकादम म्हणाला.

“का? चांगलं झालंय ना?”

“चांगलं झालंय म्हणूनच. शिष्यवृत्तीवाल्याचं घरटं उभं राहिलं तर तो बेघर कसा? रीत आहे. पहिली काडी तू स्वतः काढून द्यायची.”

ठिपकीनं पहिली काडी काढून दिली. बाकीचं माकडांनी बघता बघता उधळलं. ती तशीच उभी राहून बघत होती. मनातून फार वाईट वाटलं, पण तिनं स्वतःची समजूत घातली. अजून एकच वर्ष. पदवी मिळाली की परवाना, आणि परवाना मिळाला की घरटं. मग कोण मोडतंय बघू.

त्या वर्षीच्या दातादर्शनात सगुणाबाई पुन्हा पटकन बोलून निघाली होती. नक्रशेठनी शेपूट आपटलं.

“ऐकू आलं नाही. मागच्यांनाही आलं नाही. सावकाश, भावना घालून म्हणा.”

सगुणाबाई परत आली. ठिपकीकडे पाठ करून उभी राहिली.

“ही,” ती म्हणाली, “माझी. कुणी. नाही.”

मागच्यांना ऐकू आलं. नक्रशेठ इतके रडले की नदीला पूर येतो की काय असं बेडकांना वाटलं. घरी जाताना कुणी हसलं नाही. सगुणाबाई म्हणाली, “वारा सुटलाय.” ठिपकी म्हणाली, “हो ना.” वारा काही सुटला नव्हता.

तिसऱ्या वर्षी तर सगुणाबाईनं कमाल केली. कुणी सांगायच्या आतच ती मोठ्यानं म्हणाली, “ही माझी कुणी नाही. कुठून आली मला माहीत नाही. जाईल तिकडं जाईल.” बोलताना तिचा आवाज जरासुद्धा हलला नाही. टाळ्या थांबेनात. सरडेसाहेब म्हणाले, एवढी चांगली पालक आमच्या इतिहासात झाली नाही.

त्या दिवशी ती जेवली नाही. ठिपकीनंही विचारलं नाही. तिच्या मनात एक बारीकसा काटा रुतला होता. लेकरू कितीही मोठं झालं तरी असलं वाक्य तीनदा ऐकलं की चौथ्यांदा ते आपोआप आतून ऐकू येतं. दुसऱ्याच दिवशी ठिपकी बाभळीवरून उठली आणि एका उघड्या फांदीवर राहायला गेली. “अभ्यासाला शांतता लागते,” तिनं सांगितलं. सगुणाबाई म्हणाली, “बरं.”

मग शेवटची परीक्षा आली. आणि त्याबरोबर आणखी एक गोष्ट आली. ठिपकी अंड्यावर आली होती.

पंचम खुशीत होता. “मी काय मदत करू?” त्यानं विचारलं.

“काड्या आण.”

“त्यापेक्षा गाऊ का?”

आणि तो गायला लागला. मदत करण्याची त्याची तेवढीच पद्धत होती.

शेवटच्या परीक्षेचं घरटं सोसाट्याच्या वाऱ्यात टिकायला हवं होतं, म्हणून ते निकालापर्यंत मोडत नसत. ठिपकीनं सगळा जीव त्यात ओतला. बाहेरून बाभळीच्या काटक्या, मधे मुळं, आत शेवरीचा कापूस. बाभळीच्या काटक्या लवत नाहीत, त्या कशा अडकवायच्या हे कबुतर सरांनी कधी शिकवलं नव्हतं. ते तिनं लहानपणी आईच्या घरट्यात पडल्या पडल्या पाहिलं होतं. वारा आला, फांदी झोकांड्या खाऊन आली, घरटं जागचं हललं नाही. ठिपकी मात्र रोज शेजारच्या उघड्या फांदीवरच बसायची. शिष्यवृत्ती होती ना.

निकालाच्या दिवशी कबुतर सर आले, मागून सरडेसाहेब आले.

“उत्कृष्ट!” सर म्हणाले. “आता आत बस बघू.”

ठिपकी दचकली. “बसू?”

“घरटं बसण्याजोगं आहे की नाही, हे बसल्याशिवाय कसं कळणार? शेवटचे गुण त्याचेच आहेत. बसली नाहीस तर नापास.”

ठिपकीनं सरडेसाहेबांकडे पाहिलं. “साहेब, बसले तर चालेल ना? माझी शिष्यवृत्ती...”

सरडेसाहेब त्या वेळी सालीच्या रंगाचे होते आणि सालीइतकंच बोलले.

ठिपकीचे पाय भरून आले होते. पोटात अंडं होतं. न बसावं तर नापास. नापास झालं की पहिली नाही, आणि पहिली नाही की शिष्यवृत्ती नाही. तिनं फार विचार केला नाही. ती आत उतरली आणि बसली.

आणि काय सांगू, मुलांनो! कापूस खाली दबला, काटक्यांनी चहूबाजूंनी तिला धरलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा ठिपकीला कळलं की आपलं असतं म्हणजे कसं असतं. तिचे डोळे आपोआप मिटले. एवढं सुख तिला कधी झालं नव्हतं.

“पैकीच्या पैकी!” कबुतर सर म्हणाले. “पहिली!”

“आणि घरवाली!” सरडेसाहेब म्हणाले. ठिपकीनं डोळे उघडले. ते लालभडक झाले होते. “सर्वांदेखत गृहप्रवेश केलास. ज्या पाखराला इतकं चांगलं घर आहे, ते बेघर कसं? शिष्यवृत्ती रद्द. आजपासून नव्हे, पहिल्या दिवसापासून. तिन्ही वर्षांची पूर्ण फी भर आणि पदवी घेऊन जा.”

“पण सर म्हणाले म्हणून बसले!”

“ते परीक्षा विभागाचं. माझा विभाग वेगळा आहे.”

“एवढी जांभळं मी कुठून आणू?”

“मग घरटं ठेवून घ्यावं लागेल,” सरडेसाहेब म्हणाले. माकडं तयारच होती. यावेळी त्यांनी ते मोडलं नाही. अलगद उचललं आणि संगमरवरी ढोलीच्या दारात नेऊन ठेवलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं. शेजारी पाटी लावली: ‘आमच्या विद्यार्थिनीची निर्मिती. आत बसू नये.’

ठिपकी त्यांच्या मागोमाग गेली. “साहेब, आता माझं घरटं गेलं. आता तर मी बेघर झाले ना? मग शिष्यवृत्ती परत सुरू करा.”

“अगदी पात्र आहेस!” सरडेसाहेब किंचित हिरवे होत म्हणाले. “पण यंदाची मुदत संपली. पुढच्या वर्षी पहिल्या वर्गात प्रवेश घे. आणि जाताना एक पीस देऊन जा. भिंतीवर लावायचंय.”

ठिपकीनं पीस दिलं. त्यांनी ते रांगेत शेवटी टोचलं. ठिपकी त्या रांगेकडे बघत राहिली. इतक्या साऱ्या ठिपकेवाल्या. इतक्या साऱ्या पहिल्या आलेल्या. मग एकाएकी तिला कळलं, की कुणीतरी अंडं घालून घाईनं का उडाली असेल. ती आळशी नव्हती. ती त्या वर्षीची मानकरी होती. ठिपकीला त्या न पाहिलेल्या पाखराची इतकी कीव आली की तिथंच रडू फुटलं.

आता मात्र वेळ नव्हता. अंडं कुणाच्या मुदतीसाठी थांबत नाही.

ती उडाली. कुठं, ते तिचं तिलाच कळत नव्हतं. पंख घेऊन गेले तिथं गेली आणि बाभळीच्या शेंड्याशी जाऊन टेकली. खाली घरटं होतं. सगुणाबाई दाणा टिपायला गेलेली होती. घरटं रिकामं होतं. पटकन उतरावं, अंडं घालावं आणि उडून जावं. सगळ्या तेच करत आल्या होत्या.

ठिपकी उतरली नाही. फांदी घट्ट धरून बसून राहिली. तिच्यानं ते होईना.

सगुणाबाई चोचीत दाणा घेऊन परत आली. तिनं वर पाहिलं. दाणा खाली पडला.

“अगं, अशी काय कडेला बसलीस? उतर की खाली. दिवस भरलेत तुझे, दिसत नाही का मला?”

“नको. मी दुसऱ्याच्या घरात अंडं घालणार नाही. ठरवलंय मी.”

“दुसऱ्याच्या?”

“तूच म्हणालीस. तीनदा. मी तुझी कुणी नाही म्हणून.”

सगुणाबाईनं जी काव-काव सुरू केली ती साऱ्या जंगलानं ऐकली.

“अगं ए शहाणे! एवढी शिकलीस, पहिली आलीस, आणि अक्कल त्या मगरीच्या दातात ठेवून आलीस काय? तुझी फी वाचावी म्हणून मी ते म्हटलं. म्हणताना माझ्या जिवाचं काय झालं ते माझं मला माहीत. आणि तू ते खरं धरून बसलीस?”

“मग तिसऱ्या वर्षी आवाज का नाही हलला तुझा?”

“हलला असता तर तुझी शिष्यवृत्ती गेली असती, बये!”

ठिपकीनं फांदीवरची पकड जरा सैल केली.

“दुसऱ्याच्या घरात अंडं घालायचं नाही म्हणे,” सगुणाबाई पुटपुटत घरट्यातल्या काड्या सारख्या करू लागली. “नकोच घालू. कोण घाल म्हणतंय? हे तुझं माहेर आहे. लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरीच होतं. चल, उतर.”

ठिपकी उतरली. तिनं सगुणाबाईच्या पंखाखाली डोकं खुपसलं आणि पोटभर रडून घेतलं. मग अंडं घातलं. पंचम कुठल्याशा आंब्यावर बसून इतकं सुंदर गायला, की सगळं श्रेय त्यालाच मिळालं.

तुमच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, की कावळीण भोळी असते, तिला आपलं आणि परकं अंडं ओळखता येत नाही. मुलांनो, असली पुस्तकं विद्यापीठात लिहितात. सगुणाबाईला सगळं ओळखता येत होतं. पहिल्या वेळी आलं होतं आणि या वेळीही आलं.

यथाकाल अंड्यातून एक छकुली बाहेर आली. अंगावर पांढरे ठिपके. तिनं चोच उघडून पहिल्यांदा किक्‌किक् केलं, त्याच दिवशी बाभळीखाली पाचूसारखं हिरवं काहीतरी चमकलं. प्रवेशाचे दिवस पुन्हा आले होते.

“अभिनंदन!” सरडेसाहेब खालून म्हणाले. “परक्या घरात जन्म, स्वतःचा आसरा नाही, आणि घराण्यात गुणवत्ता! हिची जागा मी आत्तापासून धरून ठेवू का? आजी म्हणून तुम्ही फक्त ते एक वाक्य म्हणायचं.”

सगुणाबाईनं घरट्याच्या काठावरून खाली वाकून पाहिलं.

“आजी म्हणालात ना मला?” ती म्हणाली. “मग तिथंच अपात्र झाली ती.”

आणि तिनं घरट्यातली एक जाडजूड काटकी उचलून नेमकी खाली सोडली. सरडेसाहेब त्या दिवशी ज्या रंगाचे झाले तो त्यांना स्वतःलाही नवा होता.

तात्पर्य: मुलांनो, शिष्यवृत्ती हवी असेल तर गरजू असावं, आणि टिकवायची असेल तर गरजूच राहावं. होतकरू जरूर असावं, पण चुकूनही काही होऊन बसू नये. शिकलेलं वापरलं की त्याची फी वसूल करतात. ज्यांना एवढं साधं जमत नाही, त्यांनी एखादी अडाणी कावळीण बघून ठेवावी. तिच्याकडे अर्ज करावा लागत नाही आणि मुदत संपत नाही. मात्र तिची शिष्यवृत्ती कुठल्याही विद्यापीठाला मान्य नाही, हे लक्षात ठेवून, घरच्यांना विचारून मगच जन्म घ्यावा.